ठासणी

परवान्यावर लिहिलंय : पीकसंरक्षणार्थ.
पीक तेव्हा साडेतीन एकर, बालाघाटाच्या उतरणीला,
त्यातही निम्मा मुरूम.
खरं कारण लिहायला रकानाच नव्हता.

धारूरला किल्ल्याकडे जाणाऱ्या गल्लीत
खाजामियाँ सिकलगार पुढच्या उजेडात विळ्यांना धार लावायचे
आणि मागच्या अंधारात नळ्या पुसायचे.
मी एकोणीस वर्षांचा, पोस्टात नुकता चिकटलेलो,
हात कायम शिक्के मारत असल्यासारखे.
ते माझ्या हातांकडेच बघत म्हणाले,
"आहिस्ता. ये औजार जल्दीवालों का नै."

आधी शिंगातली दारू, मापानं.
मग चिंधी, मग गोळी, मग गज.
गज दाबायचा, आपटायचा नाही,
भाकरीचं पीठ मळून झाल्यावर
गोळ्याला बोट टेकवून बघतात ना, तसा.
पन्नास वर्षं झाली, शिकतोय.

रद्द झालेल्या टपालवहीत प्रत्येक बाराची नोंद आहे :
तारीख, वारा, निकाल.
निशाण म्हणजे बाभळीला टांगलेलं खापर.
खापर वाचलं.
खापर वाचलं.
वारा पश्चिमेचा, धूर डोळ्यात, खापर वाचलं.
मडक्याचा कान उडाला
(हे लाल शाईत, खंडेनवमीचं).
आणि चौऱ्याऐंशीच्या माघात, गयाबाईच्या अक्षरात,
दोनच शब्द : गज गेला.

गेलाच होता. नळीतून काढायला विसरलो
आणि सुतासारखा सरळ, शिट्टी वाजवत,
दोन बांध ओलांडून
निवृत्ती तिडक्यांच्या कडब्याच्या गंजीत घुसला.
संध्याकाळी तिडके आले, गज ओट्यावर ठेवला,
चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले,
उठताना म्हणाले, "पोष्टातली मानसं
आजकाल सगळंच घरपोच करायला लागली."

लोक विचारतात, मारलं काय काय?
डुकरं यायची ज्वारीत, नाही असं नाही.
मी बार भरेपर्यंत ती जेवायची,
पाटाचं पाणी प्यायची,
पिलं मोजून घेऊन
ओळीनं परत जायची.

दर इलेक्शनला ती ठाण्यात जमा.
गुट्टे हवालदार पावती फाडताना विचारतात,
"काका, वाजती का हो ही अजून?"
महिन्याभरानं घरी आणली की गयाबाई
दस्त्यावरून हात फिरवते, म्हणते,
"वाळली की. तेलाचं बोट लावलं नाही कुणी."

खाजामियाँ गेले तेव्हा पोरगा आला होता,
संभाजीनगरला एसी दुरुस्त करतो.
एका फडक्यात गोळीचा साचा देऊन म्हणाला,
"अब्बा बोले थे, पोस्टवाले को देना."
साच्याच्या मुठीला त्यांच्या अंगठ्याचा खड्डा आहे.
माझा अंगठा त्यात बसत नाही. थोडा मोठा पडतो.

आता हात थरथरतात. दारू मापाबाहेर सांडते,
मुंग्या हुंगून परत जातात.
यंदा दिवाळीत शर्वरी आली, लातूरला नीटचा क्लास,
दीड मिनिटाला एक प्रश्न सोडवणारी.
"आबा, एका गोळीला एवढा वेळ?"
मी तिला वही दिली. चाप नाही,
चाप ज्याचं नाव परवान्यावर त्याचाच.

टोपी फुटली. चट्. बस्स, तेवढंच.
ती काहीतरी बोलणार होती.
मी नळी हलवली नाही, तोंड डोंगराकडे,
गाल दस्त्याला, आणि मधे ती रिकामी जागा
जिथं काही व्हायचं आहे की नाही
हे दारूलाही ठाऊक नसतं.
किती वेळा उभा राहिलोय मी तिथं.
एक साळुंकी बाभळीवरून उठून पुन्हा बसली.

मग धडाडलं. डोंगरानं दोनदा परत केलं.
धुरात आम्ही दोघं एकमेकांना दिसेनासे,
गंधकाचा वास, तिचं खोकत हसणं.

रात्री वही उघडली. तारीख, वारा नाही,
आणि तिच्या गिचमिड, घाईच्या अक्षरात :
थांबलो. मग वाजलं.
खाली, नंतर आठवून लिहिल्यासारखं :
खापर बघायचं राहिलं.